कोठारातील शिपाई

दरवर्षी २६ जानेवारीला दिल्लीत सैन्याचे संचलन होते. रणगाडे जातात, तोफा जातात, क्षेपणास्त्रे जातात, आणि शेवटी विमाने आकाश दुमदुमवून निघून जातात. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या लक्षावधी घरांत त्या वेळी अभिमानाने ऊर भरून येतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्या मिरवणुकीत डाळीचे पोते दिसत नाही. रॉकेलचा डबा, बुटांचा जोड, तंबूची खुंटी किंवा ट्रकचा सुटा भाग यांपैकी काहीच दिसत नाही. या वस्तू वेळेवर पोहोचल्या नाहीत तर रणगाडा जागीच उभा राहतो आणि तोफ मुकी होते, हे सर्वांना ठाऊक असते. पण ठाऊक असूनही त्या वस्तू पोहोचवणाऱ्या माणसाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

या माणसाविषयी समाजात दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी की, सैन्यात राहूनही त्याची नोकरी सुरक्षित असते. गोळी झेलायची ती इतरांनी, याने फक्त कोठाराच्या किल्ल्या सांभाळायच्या. दुसरी समजूत अधिक कुत्सित आहे: जेथे माल तेथे हात ओले, असे मानून पुरवठा विभागातल्या प्रत्येक माणसाकडे लोक किंचित डोळा मिचकावून पाहतात. गावात रजेवर आलेल्या जवानाला ‘कोणत्या आघाडीवर होतास?’ असे विचारले जाते, आणि त्याने ‘डेपोत होतो’ असे सांगितले की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याची वेळ आली आहे. त्या केवळ अन्यायकारक आहेत एवढेच नव्हे. त्यांच्यामुळे या कामातील खरे धोके आणि खरी दुखणी झाकली जातात, आणि त्यांची किंमत काही माणसे प्राण देऊन चुकवतात.

मराठी माणसाला हे नवे नाही

रसदेचे महत्त्व ज्याला परक्याकडून शिकावे लागू नये, असा समाज असेल तर तो मराठी समाज होय. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याची कारणमीमांसा अडीचशेहून अधिक वर्षे चालू आहे. सेनापतींचे मतभेद, बुणग्यांचा भार, तोफखान्याची रचना, अशी अनेक कारणे सांगितली जातात. पण त्या दिवशी सकाळी लढायला उभी राहिलेली फौज कित्येक दिवसांची उपाशी होती, याविषयी कोणाचेही दुमत नाही. दुआबातून दाणागोटा गोळा करून पाठवण्याची आणि शत्रूची रसद तोडण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांकडे होती. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले आणि मराठ्यांच्या छावणीचा दाणा जवळजवळ तुटला. पानिपताची हार रणांगणावर झाली खरी, पण तिची सुरुवात रिकाम्या कणग्यांत झाली होती.

त्याआधी सुमारे नव्वद वर्षांपूर्वीचे एक पत्र आहे. चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी ते लिहिले. त्याचा विषय लढाई नाही, वैरण आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मनास येईल तसे उधळले तर ऐन पावसाळ्यात जनावरे मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग शिपाई कुणब्यांच्या घरी जाऊन दाणे, भाकरी, गवत, लाकडे, भाजी ओरबाडू लागतील, आणि रयतेला मोगल परवडला असे वाटेल, असा त्याचा आशय आहे. पुढे तर रात्री दिवा पेटता ठेवाल, त्याची वात उंदीर पळवील, ती गवताच्या गंजीला लागेल आणि सारी वैरण जळून जाईल, इथपर्यंत बारकाईने बजावले आहे. राज्य स्थापन करणारा पुरुष उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो, यात कोठाराच्या कामाचे सगळे मर्म आले. साठा मोजून वापरणे, पुढच्या ऋतूचा विचार आज करणे, आगीला भिणे, आणि कोठार रिकामे झाले की त्याचा भार शेवटी गरीब माणसावर पडतो हे ओळखणे: या चार गोष्टींत आजही भर घालण्याजोगे फारसे काही नाही.

दोन पराभवांचा धडा

हे मर्म विसरल्याची किंमत पुढे मराठी पलटणींनीच पुन्हा मोजली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने घाईने पुढे सरकलेली ही फौज माघार घेत कुत-अल-अमारा येथे आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांच्या वेढ्यात सापडली. बसऱ्याला जहाजांतून माल उतरवण्याची धड सोय नव्हती, नदीतून तो वर नेणाऱ्या बोटी गरजेच्या मानाने फारच थोड्या होत्या. वेढ्यातील शिधा दर आठवड्याला कमी होत गेला. हिंदी शिपायांत रक्तपितीचा विकार पसरला. घोड्याचे मांस धर्मभावनेमुळे बहुतेकांनी दीर्घकाळ नाकारले. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्नही झाला, पण तो अपुरा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा पुरवठा आणि वैद्यकीय व्यवस्थेतील अनास्था इतकी उघडी पडली की, ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री ऑस्टिन चेंबर्लेन यांना राजीनामा द्यावा लागला.

स्वतंत्र भारतालाही हा धडा १९६२ साली गिरवावा लागला. नामका चू नदीच्या काठी उभ्या केलेल्या सातव्या ब्रिगेडपर्यंत रस्ता पोहोचत नव्हता. सारी भिस्त विमानांतून त्सांगधर येथे टाकल्या जाणाऱ्या मालावर होती, आणि त्यातला बराचसा माल छत्र्यांसकट खोल दऱ्यांत जाऊन पडत होता. हिमालयाच्या थंडीत कित्येक जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते आणि हाताशी मोजकीच काडतुसे होती. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला तेव्हा ते शौर्यात कमी पडले नाहीत. त्यांच्या पाठीमागे कोठार नव्हते. या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी युद्धकैदी झाले आणि त्यांनी पुढे लिहिलेले ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. ते पुस्तक पुष्कळ गाजले ते राजकीय टीकेमुळे. पण त्यात शिध्याची, कपड्यांची आणि ओझ्याची जी कथा आहे ती कोणत्याही राजकीय टीकेपेक्षा अधिक बोलकी आहे.

काम आहे तरी काय?

भारतीय भूदलात या कामाची प्रामुख्याने दोन खात्यांत विभागणी आहे. आपली परंपरा १७६० पर्यंत मागे नेणारे आर्मी सर्व्हिस कोअर शिधा, इंधन, वाहतूक आणि खेचरांची दले सांभाळते. विमानांतून टाकायच्या मालाची बांधणीही तेच करते. १७७५ पासून आपला वंश सांगणारे आर्मी ऑर्डनन्स कोअर कपडे, बूट, तंबू, शस्त्रे, सुटे भाग आणि दारूगोळा यांची साठवण व वाटप करते. महाराष्ट्राचा या दुसऱ्या खात्याशी फार जवळचा संबंध आहे. देहू रोड, तळेगाव, खडकी, कांदिवली आणि वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे या खात्याचे डेपो आहेत. त्या त्या गावांतली हजारो कुटुंबे पिढ्यान् पिढ्या या डेपोंच्या भोंग्यावर उठली आणि निजली आहेत.

डेपोतील दिवस वरून पाहणाऱ्याला अत्यंत कंटाळवाणा वाटेल. फाटकावर झडती होते. दारूगोळ्याच्या डेपोत तर काडेपेटी, लायटर, भ्रमणध्वनी असे सारे बाहेर ठेवूनच आत पाऊल टाकता येते. मग मागणीपत्रे येतात, ती नोंदवहीत चढतात, शेडमधून पेट्या काढल्या जातात, त्यांवरील लॉटचा क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष ताडून पाहिले जाते, जुना माल आधी बाहेर जाईल अशी दक्षता घेतली जाते. मालाची पाटी, खातेवही आणि प्रत्यक्ष पेट्या या तीन ठिकाणी एकच आकडा जुळला पाहिजे. बँकेतल्या किंवा कचेरीतल्या कारकुनाला हे काम ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की, येथे बेरीज चुकली तर कुणाचे व्याज बुडत नाही, कुणाच्या बंदुकीत चुकीचे काडतूस पडते. एखाद्या वाहनाचा पंप वर्षभर कोणी मागत नाही, आणि ज्या दिवशी मागतात त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत हवा असतो. तो नाही असे सांगण्याची पाळी येणे हा भांडारपालाचा पराभव असतो, आणि त्या पराभवाची बातमी कोठेही छापली जात नाही.

या कामाचा सर्वांत मोठा ताण म्हणजे सही. प्रत्येक कागदाखाली कोणाची तरी सही असते आणि ज्याची सही त्याची जबाबदारी. बदली होऊन जाणारा आणि येणारा भांडारपाल यांच्यात मालाची मोजणी होते तेव्हा दोघांचीही झोप उडालेली असते. पाच वर्षांपूर्वी कोणीतरी चुकीच्या रकान्यात लिहिलेली वस्तू आज ‘तूट’ म्हणून उभी राहते, आणि आज सही करणाऱ्याला तिचा जाब द्यावा लागतो. शिध्याच्या डेपोत ठेकेदाराने आणलेली भाजी नापसंत केली तर ठेकेदार रुष्ट होतो आणि पलटणीला त्या दिवशी भाजी मिळत नाही. पसंत केली तर निकृष्ट माल घेतल्याचा ठपका येतो. नियम पाळावा तर माणूस उपाशी राहतो आणि माणूस पाहावा तर नियम मोडतो, अशा कात्रीत हा कर्मचारी नोकरीची वर्षे काढतो.

पुढच्या हिवाळ्याचा हिशेब

हे झाले सपाटीवरचे. लडाखसारख्या प्रदेशात या कामाला निराळीच धार येते. श्रीनगरहून लेहला जाणारा सुमारे ४३० किलोमीटरचा रस्ता साडेअकरा हजार फुटांच्या आसपास असलेल्या झोजी खिंडीतून जातो. ही खिंड पिढ्यान् पिढ्या हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फाखाली जात आली. अलीकडे सीमा सडक संघटनेच्या परिश्रमांमुळे बंद राहण्याचा काळ पुष्कळ घटला आहे. २०२० मध्ये मनालीच्या बाजूला अटल बोगदा आणि २०२५ मध्ये काश्मीरच्या बाजूला सोनमर्गचा बोगदा खुला झाला. झोजीखालच्या बोगद्याचे काम चालू आहे. तरीही हिवाळी साठवणीचे गणित संपलेले नाही. उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत पुढील हिवाळ्याचे धान्य, तेल, इंधन, कपडे, औषधे आणि दारूगोळा वर चढवायचा, आणि रस्ता बंद होण्यापूर्वी तो शेवटच्या चौकीपर्यंत पोहोचवायचा, असे हे चक्र दरसाल फिरते. २०२० साली गलवानच्या संघर्षानंतर पूर्व लडाखमध्ये हजारो अधिक सैनिक हिवाळाभर राहणार हे ठरले तेव्हा त्या सर्वांचा निवारा, शिधा आणि ऊब काही महिन्यांत वर नेण्याचे काम या लोकांनी केले. ते बिनबोभाट पार पडले म्हणूनच त्याची चर्चा फारशी झाली नाही.

या रस्त्यांवर ट्रक हाकणारा चालक हाही पुरवठ्याचाच शिपाई. पहाटे काफिला निघण्यापूर्वी गोठलेले इंजिन चालू करणे हीच त्याची पहिली लढाई. लडाखच्या थंडीत साधे डिझेल गोठते. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहील असे खास हिवाळी डिझेल तेथे मिळू लागले ते २०१९ च्या नोव्हेंबरात. रस्ता एका बाजूला कड्याला चिकटलेला आणि दुसऱ्या बाजूला दरीत उघडा. विरळ हवेत डोके जड झालेले. पाठीमागे कित्येक टन दारूगोळा किंवा पेट्रोल. दरड कोसळून किंवा वाहन घसरून जे चालक जातात त्यांना शत्रूने मारलेले नसते, म्हणून त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपते.

सियाचेनमध्ये १३ एप्रिल १९८४ पासून भारतीय सैन्य उभे आहे. तेथील उंच चौक्यांना चित्ता जातीची छोटी हेलिकॉप्टरे माल पोहोचवतात. हवा इतकी विरळ की एका फेरीत अगदी थोडके ओझे जाते, आणि हवामान बिघडले की तेही जात नाही. रॉकेल हा तेथे प्राणवायूखालोखाल महत्त्वाचा पदार्थ, कारण बर्फ वितळवल्याशिवाय पिण्याला पाणी नाही. ज्या कारकुनाने खाली बसून रॉकेलच्या डब्यांची मागणी मोजली, त्याने वर बसलेल्या माणसाचे पाणी मोजलेले असते. हे त्याला कोणी सांगत नाही. चांगल्या कारकुनाला ते सांगावेही लागत नाही.

एकाच पेटीला तीन हात

आता ‘सुरक्षित नोकरी’ या समजुतीकडे वळू. पुलगावचा मध्यवर्ती दारूगोळा डेपो हा देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा डेपोंपैकी एक. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथील एका शेडला आग लागली आणि प्रचंड स्फोट झाला. दोन लष्करी अधिकारी, संरक्षण सुरक्षा दलाचे जवान आणि आगीवर धावून गेलेले अग्निशामक कर्मचारी मिळून पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या स्फोटकाकडे या दुर्घटनेनंतर बोट दाखवले गेले. तेथे शत्रू नव्हता, सीमा नव्हती. विदर्भातल्या उन्हाळ्याची रात्र होती आणि साठवलेला माल होता. आग दिसताच माणूस तिच्यापासून दूर पळतो. दारूगोळ्याच्या डेपोतील अग्निशामकाला तिच्याकडे पळावे लागते. याला शौर्य म्हणायचे नसेल तर तो शब्द कोठे वापरायचा?

त्याच डेपोच्या परिसरात २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. मृतांत बहुतेक जवळपासच्या खेड्यांतील कंत्राटी मजूर होते. शेतीतले काम संपले की रोजावर पेट्या वाहायला जाणारी ही माणसे. त्यांच्या खांद्यावरील पेटीत काय आहे, ती कशी धरावी, खाली कशी ठेवावी, याचे किती शिक्षण त्यांना मिळत असेल, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि लवकरच विसरलाही गेला.

येथेच या विषयाची खरी मेख आहे. एकाच शेडमध्ये, एकाच पेटीला तीन माणसांचे हात लागतात. एक नियमित सेवेतील सैनिक. त्याला निवृत्तिवेतन आहे, रुग्णालय आहे, गेल्यावर तिरंगा आहे. दुसरा संरक्षण खात्याचा नागरी कर्मचारी, ज्याला पूर्वी ‘मजदूर’ म्हणत आणि आता ‘ट्रेड्समन मेट’ म्हणतात. १ जानेवारी २००४ नंतर तो नोकरीला लागला असेल तर सैनिकाला मिळणारी जुनी निवृत्तिवेतन योजना त्याच्या वाट्याला आली नाही. तिसरा कंत्राटी मजूर, ज्याचे नाव डेपोच्या हजेरीपटावर नव्हे, ठेकेदाराच्या वहीत असते. स्फोट मात्र या तिघांत भेद करीत नाही. धोका समान आणि संरक्षण विषम, ही रचना कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारी नाही. खर्चात बचत म्हणून ती चालवली जात असेल, तर ही बचत देशातल्या सर्वांत गरीब माणसाच्या खिशातून काढली जात आहे हे स्पष्टपणे मान्य करावे लागेल.

हात ओले की हात बांधलेले?

दुसऱ्या समजुतीचे काय? पुरवठ्याच्या व्यवहारात भ्रष्टाचार कधी झालाच नाही, असे कोणीही म्हणणार नाही. जेथे निविदा, ठेकेदार आणि मोठ्या रकमा आहेत तेथे मोह आहे, आणि मोहाला बळी पडलेल्यांवर लष्करी न्यायालयात खटलेही चालले आहेत. शिपायाच्या ताटातला घास चोरणारा माणूस साध्या चोरापेक्षा नीच, याविषयीही वाद नसावा. पण काही थोड्यांच्या पापासाठी सगळ्या खात्याकडे संशयाने पाहिल्याने चोरी थांबत नाही. प्रामाणिक माणूस तेवढा अधिक घाबरट होतो. तो निर्णय टाळतो, कागद वर पाठवतो, आणि कागद वर जाऊन खाली येईपर्यंत एक हिवाळा निघून जातो.

याचा पुरावा सरकारी कागदपत्रांतच आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ मधील अहवालाने दाखवून दिले की, ४० दिवसांच्या युद्धाला पुरेल इतका साठा असावा हे मान ठरलेले असताना अनेक प्रकारचा दारूगोळा दहा दिवसांनाही पुरला नसता. २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात सियाचेन, लडाख यांसारख्या अतिउंच भागांतील जवानांना बर्फातले बूट आणि चष्मे पुरेसे मिळाले नव्हते, आणि शिध्यात ठरलेल्या पदार्थांऐवजी पर्यायी पदार्थ दिल्याने पोषणमूल्य घटले होते, असे नमूद झाले. या त्रुटी एखाद्या भांडारपालाने पोते पळवल्यामुळे निर्माण झालेल्या नाहीत. खरेदीचे निर्णय लांबले, मागणीचे कागद फिरत राहिले, मंजूर पैसा वेळेत उतरला नाही, यांतून अशा त्रुटी उद्भवतात. पोत्यातील दोन किलो घट शोधणारी यंत्रणा देशात आहे. दोन वर्षे उशिरा आलेल्या बुटांचा जाब विचारणारी यंत्रणा तितकी तत्पर नाही. डेपोतला कारकून पहिल्या तपासणीला रोज तोंड देतो. दुसरी तपासणी ज्यांची व्हायला हवी ते त्याच्यापासून फार वर बसलेले असतात.

यावर असे म्हटले जाईल की, आता संगणक आले, ड्रोन आले, खेचरांची दलेही टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत. जुनी दुखणी आपोआप संपतील. यंत्रांचे स्वागत केलेच पाहिजे. तरी एक जुनी आठवण उपयोगी पडावी. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश सैन्याने बहुतेक जनावरे मोडीत काढून मोटारींवर भर दिला होता. पण फ्रान्समधला चिखल आणि बर्फ पाहून त्यांना हिंदी सैन्याकडे खेचरांच्या तुकड्या मागाव्या लागल्या, आणि डिसेंबर १९३९ मध्ये त्या मुंबई बंदरातूनच रवाना झाल्या. साधन बदलते; अडचणीच्या वाटेने ओझे शेवटपर्यंत नेणाऱ्या अनुभवी माणसाची गरज मात्र बदलत नाही.

नव्या मुलांनी काय समजून जावे

हा अनुभवाचा प्रश्न आजच्या विद्यार्थ्यांशी थेट निगडित आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना सुरू झाली आणि लिपिक व तांत्रिक भांडारपाल या कामांसाठीही अग्निवीर भरती होऊ लागले. बारावीत एकूण ६० टक्के आणि इंग्रजी व गणित किंवा लेखाकर्म यांसह प्रत्येक विषयात निदान ५० टक्के गुण, अशा अटींमुळे या भरतीकडे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतला हुशार मुलगा आशेने पाहतो. त्याची सेवा चार वर्षांची, आणि पुढे नियमित सेवेत जास्तीत जास्त चौथा हिस्सा. तरुण सैन्य हवे हा युक्तिवाद आघाडीवरच्या पायदळापुरता समजण्यासारखा आहे. परंतु कोठाराचे काम पायांच्या चपळतेपेक्षा स्मरणशक्तीवर, शिस्तीवर आणि वर्षानुवर्षे एकच माल हाताळून आलेल्या नजरेवर चालते. पेटीचा रंग थोडा बदलला आहे, कडेला काहीतरी पाझरले आहे, हे ज्या नजरेला दिसते ती नजर चार वर्षांत तयार होते आणि तेव्हाच तीन चतुर्थांश मुले घरी जातात, हा व्यवहार सैन्याच्याही हिताचा आहे काय, याचा फेरविचार व्हावा.

जो मुलगा तरीही जाऊ इच्छितो त्याला त्याच्या शिक्षकांनी खरे काय ते सांगावे. त्याला पदके बहुधा मिळणार नाहीत. त्याचा बराच काळ मोजण्यात, लिहिण्यात, उचलण्यात आणि वाट पाहण्यात जाईल. काम चोख झाले तर त्याचा उल्लेख होणार नाही आणि चुकले तर चौकशी होईल. पण दूरच्या चौकीवर संध्याकाळी स्टोव्ह पेटतो, त्यावर बर्फ वितळते आणि कोणाच्या तरी हातात गरम चहाचा मग येतो, त्या मगापर्यंत गेलेली साखळी त्याच्या सहीपासून सुरू झालेली असेल. एवढे समाधान ज्याला पुरते त्यानेच या वाटेला जावे. आणि असे पुष्कळ लोक आहेत म्हणूनच सैन्य उभे आहे.

समाज आणि सरकार यांचे कर्तव्य याहून वेगळे आहे. दारूगोळ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, तो सैनिक असो, नागरी कर्मचारी असो की रोजंदारीवरचा मजूर, सारखे प्रशिक्षण, सारखी साधने आणि अपघातानंतर सारखी भरपाई मिळाली पाहिजे. धोक्याचे काम ठेकेदाराच्या वहीवर ढकलणे बंद झाले पाहिजे. मुदत संपलेला आणि सदोष ठरलेला माल डेपोत पडून राहिला तर त्याचा जाब केवळ डेपोला न विचारता तो हलवण्याचा निर्णय ज्यांनी लांबवला त्यांनाही विचारला पाहिजे. आणि लेखापरीक्षणाच्या अहवालांवर संसदेत एक दिवसाचा गदारोळ होऊन पडदा पडण्याऐवजी, पुढच्या हिवाळ्यापूर्वी कोणते बूट कोठे पोहोचले याचा हिशेब संसदेने मागितला पाहिजे.

चिपळूणच्या छावणीला पाठवलेल्या त्या पत्रात उंदराने पळवलेल्या वातीची चिंता होती. सदोष सुरुंग, प्रशिक्षण नसलेला मजूर, वर्षभर फिरणारा मागणीचा कागद, या आजच्या पेटत्या वाती आहेत. त्या विझवण्यासाठी शौर्य लागत नाही. वेळीच लक्ष घालावे लागते. आणि ते लक्ष घालण्याची जबाबदारी कोठारातील शिपायावर एकट्यावर सोडून देशाला मोकळे होता येणार नाही.